टाचेवरचा तीळ

माझं अक्षर वाईट आहे आणि शुद्धलेखन त्याहून वाईट. जो कोणी ही वही उघडेल त्याची आधीच माफी मागते. माझी शाळा चौथीपर्यंत झाली, ती नेसरीला. त्यानंतर पस्तीस वर्षं हातात पेन कमी आणि तेलाची वाटी जास्त होती. कुठे ऱ्हस्व लिहायचं आणि कुठे दीर्घ हे मला आजही कळत नाही. जसं कानाला वाटतं तसं लिहिते.

लिहायचं कारण माझी भाची सुनीता. गुडघे दुखायला लागल्यापासून माझी घरं ती करते. तिला कामातलं पुष्कळ सांगायचं आहे, पण समोर माणूस बघत बसलं की मला दोन वाक्यांपुढे बोलता येत नाही. लहानपणापासून तसंच आहे. म्हणून ही वही. तिने वाचावी आणि ठेवून द्यावी, कुणाला दाखवू नये.

माझं काम बाळंतिणीला आणि बाळाला तेल लावून न्हाऊ घालण्याचं. कोल्हापुरात कुणी मालिशवाली म्हणतं, कुणी नुसतं मावशी. सकाळी सहाला पहिलं घर, बारापर्यंत चार घरं. आधी आई, मग बाळ. आईचं अंग पायापासून वर चोळत जायचं, पोटावर जोर द्यायचा नाही, टाके असतील तर तिकडे हात न्यायचा नाही. अंघोळ झाली की जुन्या मऊ लुगड्याने पोट बांधायचं. बाळाला पाय लांब करून पायांवर घ्यायचं. पूर्वी बाजेखाली शेगडी आणि ओव्याची धुरी असायची, आता धुराने बाळाला त्रास होतो म्हणून दवाखान्यातूनच बजावून पाठवतात. चाळीस दिवस झाले की माझं काम संपतं आणि त्या घराशी माझा संबंध पुढच्या बाळंतपणापर्यंत सुटतो.

बाहेरच्या माणसाला वाटतं की हे हाताच्या ताकदीचं काम आहे. ते डोळ्यांचंही आहे. माणसाला स्वतःची पाठ दिसत नाही, मांडीची मागची बाजू दिसत नाही, तळपाय दिसतो पण कुणी बघत नाही. मला हे सगळं रोज दिसतं. शिवाय एकच बाई दोन-तीन वर्षांनी पुन्हा माझ्या हाताखाली येते. मधल्या काळात तिच्या अंगावर काय बदललं हे तिच्या नवऱ्यालाही सांगता येणार नाही, मला येतं.

शाहूपुरीत एक कापडाचे व्यापारी आहेत, जैन घर. तिथे दुसऱ्याच दिवशी बाळाच्या आजीने मला अंघोळीच्या पाटावरून उठवलं. बाळाच्या कमरेखाली निळसर डाग होता, हाताच्या पंजाएवढा.

"काय केलंस पोराला? दाबलंस न्हवं?" आजी म्हणाली.

मी म्हटलं, "जन्माचा हाय."

"जन्माचा असता तर मला दिसला न्हसता व्हय? मी काय आंधळी हाय?"

माझ्या तोंडातून पुढे शब्द आला नाही, त्यामुळे मीच दाबलं असं सगळ्यांना वाटलं. बाळाला लहान मुलांच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले की असे डाग आपल्याकडच्या पुष्कळ बाळांना असतात, काही वर्षांनी आपोआप जातात. आजीने मला पुन्हा बोलावलं. चुकलं असं काही म्हणाली नाही. चाळिसाव्या दिवशी पैशांबरोबर एक नारळ जास्त होता, तेवढंच. तेव्हापासून मी पहिल्या दिवशी बाळाला खिडकीशी घेते आणि घरच्यांसमोर अंगावरचा प्रत्येक डाग दाखवते. सुनीता, हे कधी चुकवू नकोस.

दुसरं एक सांगते, ते माझ्या चुकीचं आहे. चामखीळ पाडायला मी घोड्याचा केस बांधत असे आणि तीळ नको असला तर चुना आणि धुण्याचा सोडा कालवून लावत असे. त्याचे वेगळे पैसे मिळत. एका बाईची मान त्याने पिकली आणि तिला पंधरा दिवस गोळ्या घ्याव्या लागल्या. नंतर मला कळलं की त्याहून मोठं नुकसान वेगळंच आहे. तीळ जाळून टाकला की तो कसला होता हे पुढे डॉक्टरलाही ओळखता येत नाही. वाईट असला तर वरून जातो आणि आत राहतो. हे काम तू करायचं नाही. कुणी कितीही पैसे दिले तरी नाही.

आता तिळांचं. रोज तासभर बाई पडून असते, तिला कंटाळा येतो, तिला वाटतं मावशीने काहीतरी बोलावं. बाकीच्या मालिशवाल्या गल्लीतल्या बातम्या सांगतात. मला ते जमत नव्हतं. मग मी तिळांवर बोलायला लागले. ओठाशी तीळ असला तर गोड बोलणारी, पोटावर असला तर खाऊन-पिऊन सुखी, हातावर असला तर पैसा टिकेल. हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं. थोडं ऐकलेलं होतं, बाकी मीच रचत होते. बायका हसत, मला आवडत असे. माझ्यासारख्या मुक्या बाईला तेवढा एकच विषय बोलता येत होता.

शिरोलीत एमआयडीसीच्या अलीकडे एक घर आहे. सासूला सगळे आक्काताई म्हणतात. दोन म्हशी, दुधाचा रतीब, आवाज असा की गल्लीच्या टोकाला ऐकू जावा. मुलगा दीपक फाउंड्रीत कामाला, तेव्हा कंत्राटी होता. सून रूपाली, ती सासूला आत्या म्हणते. तिला आई नाही, त्यामुळे पहिलं बाळंतपणही सासरीच झालं. तिच्या डाव्या टाचेवर आतल्या बाजूला एक तीळ होता. तपकिरी, मोहरीच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा. आक्काताई दारात बसल्या होत्या. मी नेहमीप्रमाणे बोलले.

"टाचेवर तीळ हाय. हिच्या पायानं घर वर येणार बघा."

तीन आठवड्यांनी दीपक कारखान्यात कायम झाला. आक्काताईंनी मला काठाची साडी दिली आणि गल्लीभर सांगितलं. तेव्हापासून लक्ष्मीपूजनाला सुनेच्या टाचेला हळदकुंकू लागायचं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. शिरोलीत मला आणखी तीन घरं मिळाली.

त्यानंतर वर्षभराने राजारामपुरीत एका डॉक्टरीणबाईंचं बाळंतपण आलं. त्या कातडीच्या डॉक्टर. त्यांच्या पाठीवर चार-पाच तीळ होते. मी सुरुवात केली की पाठीवर तीळ म्हणजे मागून आधार देणारं माणूस भेटतं.

त्या पालथ्या पडल्या होत्या, तशाच हसल्या. "मावशी, आधार राहू दे. रंग कसा आहे सांगा."

"तपकिरी."

"सगळा एकसारखा? की मध्ये काळा आणि कडेला फिका?"

मी नीट बघून सांगितलं. मग त्यांनी कड विचारली, गोल आहे का वेडीवाकडी. असं चाळीस दिवस चाललं. त्या म्हणाल्या, "माझ्याकडे लोक तोंडावरचे डाग घेऊन येतात. पाठी आणि तळपाय तुम्ही बघता तेवढे मीसुद्धा बघत नाही."

त्यांनी शिकवलं ते माझ्या शब्दांत लिहिते. बहुतेक तीळ निरुपद्रवी असतात, जन्मभर असतात, त्यांची काळजी करायची नाही. भीती घालायची तर मुळीच नाही. बघायचं ते बदलाकडे. तिळाचा एक अर्धा भाग दुसऱ्यासारखा दिसतो का. कड साफ आहे, का ओल्या कागदावर शाई फुटावी तशी आहे. रंग एक आहे, का दोन-तीन. पेन्सिलीच्या मागच्या रबरापेक्षा मोठा झाला आहे का. लहान असला पण वाढत असला तरी दाखवायचा. खाज येते का, रक्त येतं का, खपली धरून पुन्हा निघते का. मोठेपणी नवीनच उगवलेला आणि वाढत जाणारा असला तर दाखवायचा. अंगावरचे दहा तीळ एका घरचे दिसतात आणि अकरावा परका दिसतो, तो परका दाखवायचा. दुखत नाही म्हणून सोडून द्यायचा नाही, सुरुवातीला हे दुखतच नाही. आपल्यासारख्या सावळ्या लोकांत तळपाय, तळहात आणि नखाखालची जागा जास्त बघायची. नखात नवी काळी रेघ उभी राहिली आणि रुंद होत गेली तर तीसुद्धा.

गरोदरपणाचं मी मुद्दाम विचारलं होतं. त्या दिवसांत तीळ थोडे गडद होतात, पोट ताणलं की पोटावरचे मोठे दिसतात. पण सगळे सोडून एकच तीळ वेगळा वागायला लागला तर ते बाळंतपणावर ढकलायचं नाही.

मी भविष्य सांगणं बंद केलं. पण आधी सांगून ठेवलेलं परत घ्यायला मी कुठल्या घरी गेले नाही.

पहिल्या बाळंतपणानंतर तीन वर्षांनी रूपालीला दुसरी मुलगी झाली आणि मला शिरोलीचं बोलावणं आलं. पहिल्या दिवशी डावा पाय हातात घेतला आणि माझा हात थांबला. तीळ करंगळीच्या नखाएवढा झाला होता. एका बाजूला काळा, एका बाजूला तपकिरी, मध्ये निळसर. कड फुटलेली.

"हे कवापास्नं असं?" मी हळूच विचारलं.

"सातव्या महिन्यात चिरला आणि रक्त आलतं," रूपाली म्हणाली. "आत्या म्हणाल्या अनवाणी फिरू नको. मोठा झाला ते बरंच की मावशी, तुम्हीच सांगितलासा न्हवं का?"

ती चेष्टेने म्हणाली होती. मी चार दिवस गप्प राहिले. रोज तो पाय चोळला, तिळाभोवतीची जागा सोडून. चार दिवस काही फार नाहीत असं डॉक्टरीणबाई मला नंतर म्हणाल्या, पण ते मला बरं वाटावं म्हणून म्हणाल्या असाव्यात. मला माहीत होतं आणि मी बोलले नाही, कारण बोलले तर मी खोटी ठरणार होते.

पाचव्या दिवशी आक्काताई दुधाची किटली घेऊन आत आल्या तेव्हा मी म्हटलं, "हिचा पाय कातडीच्या डॉक्टरला दाखवायला पायजे. तीळ बदललाय, मधी निळा पडलाय."

"बदलला म्हणजे? वाढलाय. भाग्य वाढतंय."

"त्यो कापून तपासायला लागंल."

आक्काताईंनी किटली खाली ठेवली. "शेवंते, त्याच तिळावर माझा पोरगा कायम झाला. तूच बोललीस, ह्याच खोलीत."

"ते मी माझ्या मनानं बोलले होते," मी म्हटलं. "त्यात काय न्हवतं. सगळ्यांनाच सांगायची."

रूपालीने पाय ओढून पांघरुणात घेतला.

"सगळ्यांना सांगायचीस आन् साडी माझ्याकडनं घेतलीस व्हय?" आक्काताई म्हणाल्या. "मग आता मला सांग, तू तवा खोटं बोललीस का आता बोलतीस?"

"तवा."

"कशावरनं?"

ज्या तोंडाने शुभ सांगितलं त्याच तोंडाने वाईट सांगत होते. मी म्हटलं, "डॉक्टरनं काय न्हाई म्हणून सांगितलं तर मी पुन्हा शिरोलीत पाय ठेवणार न्हाई."

"तसं बी ठेवू नको. उद्यापास्नं येऊ नको. बाळंतिणीच्या खोलीत कापायचं बोलतीया. आन् एवढी काळजी हाय तर तुझ्या पैशानं दाखव जा."

मी हात धुतले आणि निघाले. दीपक पहिल्या पाळीला जायला अंगणात गाडी पुसत होता. सगळं ऐकलं असणार, कारण आक्काताई बोलत होत्या. त्याने माझ्याकडे बघितलंही नाही. मी हायवेपर्यंत चालत आले.

रात्री त्याचा फोन आला. "मावशी, तिळाच्या मधी रंग निळा हाय म्हणालासा?"

"व्हय."

तो म्हणाला, "आमच्यात भट्टीचा माल निघतो न्हवं, त्याच्यावर कधी टाचणीएवढं टिपकं दिसतं. नवीन पोरगं म्हणतंय एवढ्यानं काय हुतंय, घासून सोडा की. आन् मशीनवर कापला की आत सगळी पोकळी. आमी टिपकं दिसलं की पीस बाजूला काढतो, मग बघतो. कुठल्या डॉक्टरकडं जायचं?"

मी पत्ता दिला. तो म्हणाला, "आईला बाळाच्या लसीला जातोय म्हणून सांगतो." मग म्हणाला, "पगाराला अजून बारा दिवस हायत. बाळंतपणात सगळं गेलंय."

त्या महिन्यात माझी भिशी लागली होती. स्वयंपाकघराचे पत्रे बदलायला मी वीस हजार घेऊन ठेवले होते. ते त्याला दिले. आक्काताई तुझ्या पैशानं दाखव म्हणाल्या म्हणून दिले असं नाही. मी ज्या गोष्टीवर साडी घेतली होती ती मलाच निस्तरायची होती.

डॉक्टरीणबाईंनी भिंगातून पाय बघितला. बराच वेळ बघितला. सगळं विचारून झाल्यावर त्यांनी रूपालीला आणखी एक विचारलं, यावर चुना वगैरे कधी लावला होता का. ती नाही म्हणाली. मी बाहेर बाकावर बाळाला घेऊन बसले होते, मला ऐकू आलं. चुना मीच लावू शकले असते. टाचेवरचा तीळ शुभ म्हणून कुणी काढायला सांगितला नाही, एवढ्याच कारणाने चुना लागला नव्हता.

जागा बधिर करून तुकडा काढला. अहवाल यायला नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत मी दुसऱ्या घरी काम करत होते आणि प्रत्येक बाईचे तळपाय दोनदा बघत होते. एका बाईने विचारलं, "मावशी, पायात काय पैसं शोधतासा काय?"

अहवालात कातडीचा कॅन्सर निघाला. पण तो खोल गेला नव्हता. मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, टाचेचा तेवढा भाग कडेच्या चांगल्या कातडीसकट काढला आणि मांडीची कातडी तिथे लावली. जांघेतली गाठ काढून तपासली, ती साफ होती. ऑपरेशन सरकारी योजनेत बसलं. माझे पैसे आधीच्या तपासण्या, औषधं आणि येण्याजाण्यात गेले.

दीपकने आईला सांगितलं ते अहवाल हातात आल्यावर. तो म्हणाला की त्या गोठ्यात गेल्या आणि धारा काढून होईपर्यंत बाहेर आल्या नाहीत. मला निरोप आला नाही. ऑपरेशनच्या दिवसांत बाळाला त्यांनी स्वतः न्हाऊ घातलं, दुसरी बाई ठेवली नाही.

रूपाली सहा आठवडे टाच टेकवू शकली नाही. आता चालते. मऊ तळाची चप्पल लागते, चढावर पाय जरा ओढतो, टाचेला पूर्वीसारखं लागलेलं-खुपलेलं समजत नाही म्हणून रोज आरशात बघावी लागते. पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी तपासणी होती. तपासणीच्या आदल्या आठवड्यात तिचा मला फोन येतो आणि ती तिळाचं सोडून सगळं बोलते.

पैसे दीपक आणून देत होता. कधी दोन हजार, कधी पाचशे, दिवाळीच्या बोनसमधून चार हजार. मी मागितले नाहीत, पण नको असंही म्हटलं नाही. दोन पावसाळे स्वयंपाकघरात पातेली मांडून काढले.

मागच्या महिन्यात दुपारी दारात आक्काताई उभ्या होत्या. माझ्या घरी त्या कधी आल्या नव्हत्या. वळचणीपासून जमिनीपर्यंत सगळं बघून घेतलं आणि बसल्या.

"काल तपासणी झाली," त्या म्हणाल्या. "काय न्हाई म्हणाली डॉक्टरीण. आता सा महिन्यांनी बोलवलंय."

"बरं झालं."

"दिवा लाव. हितं अंधार हाय."

मी दिवा लावला. त्यांनी दोन्ही पाय माझ्यासमोर लांब केले. "बघ. आन् जे असंल ते सांग, गोड करू नको."

मी चष्मा घातला. तळपाय, बोटांच्या बेचक्या, नखं, टाचा. भेगा होत्या, शेणामातीच्या पायांना असतात तशा. उजव्या घोट्याखाली एक तीळ होता.

"ह्यो कवापास्नं?"

"लग्नाच्या आधीपास्नं."

"वाढला, बदलला?"

"न्हाई. तसाच हाय."

"मग असू दे. बदलला तर दाखवा."

"तुला का डॉक्टरला?"

"डॉक्टरला."

त्यांनी पाय आखडून घेतले. लुगड्याच्या कमरेशी खोचलेल्या केळातून घडी केलेल्या नोटा काढून माझ्या हातात दिल्या. "हे दीपकचं न्हवं, माझ्या दुधाचं हाय. मोजून घे."

मी मोजले. पंधराशे होते. वीस हजार पुरे झाले.